लहान गावच्या कॅथलिक चर्चचे वय कसे ओळखावे

नाशिकला रामकुंडाजवळ गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ मध्ये बांधले. त्याच्या तटाच्या दरवाजावर एक मोठी घंटा टांगलेली आहे आणि पुराचे पाणी कुठवर चढले हे सांगताना नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या बरोबरीने तिचेही नाव घेतात. ही घंटा देवळासाठी ओतलेली नाही. तिच्यावर १७२१ हा सन युरोपीय आकड्यांत आहे, आणि चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकून घेतल्यावर तिकडच्या चर्चमधून ज्या घंटा घाटमाथ्यावर आल्या, त्यांपैकीच ती एक मानली जाते. भीमाशंकरची घंटा आणि वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर असलेली १७०७ ची घंटा या तिच्याच बहिणी म्हणायच्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया आजही दिसते.

कॅथलिक चर्चच्या वास्तूंविषयी लिहिताना मी या घंटेपासून सुरुवात करतो, कारण वास्तूच्या इतिहासातली मुख्य अडचण ती एका दृष्टिक्षेपात दाखवते. घंटेवर १७२१ आहे, ती हलली १७३९ मध्ये, आणि जिथे टांगली आहे ते देऊळ १७४७ चे आहे. यातला कोणता सन खरा, असे कोणी विचारले तर तिन्ही खरे आहेत. फक्त प्रत्येक सन वेगळ्या गोष्टीविषयी बोलतो. नाशिक जिल्ह्यातल्या लहान गावांतली, विशेषतः रेल्वेच्या आणि छावणीच्या गावांतली कॅथलिक चर्चे पाहायला गेले की नेमका हाच पेच पडतो. फाटकाशी पाटी असते, पाटीवर एक सन असतो, आणि आत गेल्यावर भिंती, फरशी, वेदी आणि कपाटातल्या वह्या प्रत्येकी निराळा सन सांगू लागतात.

घाटमाथ्यावरच्या अशाच एका रेल्वेच्या गावातल्या चर्चमध्ये मी गेल्या दोन वर्षांत सात-आठ वेळा गेलो. गावाचे नाव देत नाही, कारण माझा विषय ते एक चर्च नाही. तिथे जे दिसले ते मनमाडकडे, देवळालीकडे किंवा थेट खानदेशात भुसावळला जाणाऱ्या कोणालाही पडताळून पाहता येईल.

चर्च किती जुने आहे या प्रश्नाची साधारण चार उत्तरे असू शकतात, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच चर्चच्या स्मरणिकांमधले बहुतेक घोळ झालेले आहेत. पहिले उत्तर म्हणजे त्या गावात पहिली मिस्सा केव्हा झाली. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि तिच्यासाठी चर्चची इमारत असावीच लागते असे नाही. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, बराकीत किंवा एखाद्याच्या पडवीतही ती होत असे, आणि धर्मगुरू महिन्याकाठी एकदा गाडीने येऊन परत जात. दुसरे उत्तर म्हणजे आज उभी असलेली इमारत केव्हा बांधली. तिसरे म्हणजे तिचा विधिपूर्वक आशीर्वाद किंवा अभिषेक केव्हा झाला. चौथे म्हणजे त्या जागेला स्वतंत्र धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा दर्जा केव्हा मिळाला. हा दर्जा फक्त बिशप देऊ शकतात, आणि तो मिळेपर्यंत ते चर्च दुसऱ्या एखाद्या धर्मग्रामाचे उपकेंद्र म्हणून चालते. पाटीवर बहुधा हा चौथा सन असतो. त्यामुळे शतकभर जुन्या भिंतींच्या आत धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव साजरा होताना दिसला, तर कोणी चूक केली असे समजू नये.

आता मुळात घाटमाथ्यावर कॅथलिक आले कोठून, हे पाहू. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली, पण नाशिकच्या बाजूने सह्याद्री ओलांडायला आणखी बारा वर्षे लागली. थळ घाटातून लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. या घाटात चढ इतका तीव्र आहे की दर ३७ फुटांना १ फूट उंची चढावी लागते, आणि म्हणून गाडीला जादा इंजिन जोडावे लागते. कसाऱ्याला जोडायचे आणि इगतपुरीला सोडायचे, हा क्रम इथल्या प्रवाशांच्या अंगवळणी पडलेला आहे. इंजिने बदलायची म्हणजे इंजिनांची शेड आली, ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, फिटर आले, त्यांची क्वार्टर्स आली आणि त्या क्वार्टर्समध्ये राहणारे अँग्लो-इंडियन, गोव्याचे, तमिळ आणि वसई-ठाण्याकडचे कॅथलिक आले. वसई-ठाण्याकडचे हे लोक मराठीच बोलत, आणि आपल्याला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेण्याची त्यांची रीत व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ च्या ज्युबिलीपासूनची आहे. शेजारच्या देवळालीला लष्कराचा तळ होता. ब्रिटिश फौजेत आयरिश शिपायांचा भरणा मोठा आणि आयरिश शिपाई बहुतेक कॅथलिक असल्यामुळे त्यांच्यासाठी कॅथलिक धर्मगुरूची सोय करणे सरकारलाही भाग होते.

म्हणून घाटमाथ्यावरचे चर्च कोणी मिशनरी जंगल तुडवत आला आणि त्याने बांधले, अशा पद्धतीने उभे राहिलेले नसते. आधी नोकरीनिमित्त माणसे येतात, मग त्यांची मुले होतात, मुलांना बाप्तिस्मा हवा असतो, म्हाताऱ्यांना अंत्यविधी हवा असतो, आणि या गरजेपोटी धर्मगुरूला बोलावणे जाते. इमारत सर्वांत शेवटी येते. हा क्रम ध्यानात ठेवला की इमारतीपेक्षा दफनभूमी जुनी का असते, तेही उलगडते.

पण बोलावणे कोणाला पाठवायचे? इथे एक असा वाद समोर येतो की तो समजल्याशिवाय पश्चिम भारतातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चचा इतिहास लागत नाही. तो जरा सावकाश समजून घेऊ.

पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत पोपनी पोर्तुगालच्या राजाला एक हक्क दिला. राजाने पूर्वेकडच्या मुलखात चर्चे बांधावीत, त्यांचा आणि धर्मगुरूंचा खर्च चालवावा, आणि त्या बदल्यात तिथे बिशप कोण असावा हे त्याने सुचवावे. या व्यवस्थेला पाद्रोआदो म्हणतात. आपल्याकडच्या वतनाशी ती ताडून पाहिली तर लवकर समजते: सेवा आहे, खर्चाची जबाबदारी आहे आणि त्याबरोबर हक्क आहे. गोव्याचा धर्मप्रांत, म्हणजे तिथल्या बिशपच्या अधिकारातला मुलूख, १५३४ पासून याच व्यवस्थेखाली उभा राहिला. पुढे पोर्तुगालची ताकद ओसरली, कित्येक ठिकाणची सत्ता गेली, वसईसुद्धा गेली, पण वतनाचा कागद मात्र तसाच राहिला. आमच्या राजाचा हक्क संपलेला नाही, असे गोव्याचे म्हणणे होते. माणसांना धर्मगुरू मिळत नाहीत आणि हा हक्क वाटेत आडवा येतो, असे रोमचे म्हणणे होते. रोमने १६२२ मध्येच परदेशांतल्या धर्मकार्यासाठी स्वतःचे वेगळे खाते काढले होते. त्याच्या लॅटिन नावावरून त्याला प्रोपगांडा म्हणतात. आज या शब्दाला चिकटलेला राजकीय अर्थ तेव्हा नव्हता.

मुंबईत इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना काढून रोमने नेमलेल्या कार्मेलाइट संघाच्या धर्मगुरूंना आणले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच शहरात, कधी एकाच गल्लीत, दोन कॅथलिक अधिकार नांदत होते. श्रद्धा एक, मिस्सा एक, लॅटिन एक, पण कोणाचा बिशप खरा यावर गावे दुभंगलेली. हा वाद शब्दांपुरता नव्हता. माहीमच्या सेंट मायकल चर्चवर, जिथे आज बुधवारी नोव्हेना या प्रार्थनेसाठी सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात तिथेच, १८५३ मध्ये ताब्यावरून इतका ताण वाढला की रोमने नेमलेले बिशप हार्टमन आत आणि विरोधक बाहेर असा चक्क वेढा पडला. शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले. पुण्याचे उदाहरण घेतले तर क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, आणि ते गोव्याच्या, म्हणजे पाद्रोआदोच्या बाजूचे होते. लष्करी भागातली नंतरची चर्चे रोमच्या बाजूची. पुण्यातल्या या दोन प्रकारच्या चर्चची तोंडवळ्यापासूनची वेगळी घडण या वादातूनही आलेली आहे.

पुणे भागाचे काम १८५४ मध्ये आणि मुंबईचे १८५८ मध्ये जेज्वीट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाकडे गेले. इकडचे जेज्वीट मुख्यतः जर्मन आणि स्विस होते. अखेर १८८६ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला भारतात बिशपांची रीतसर घडी बसवली गेली. मुंबई हा महाधर्मप्रांत झाला, पुणे धर्मप्रांत झाला, आणि घाटमाथ्यावरचा आपला मुलूख पुण्याखाली आला. वाद संपला असे मात्र लगेच म्हणता येत नाही. पोर्तुगीजांच्या शेवटच्या हक्कांचा निकाल लागायला १९५० साल उजाडले. आपल्या भागापुरते सांगायचे तर १५ मे १९८७ रोजी पुण्यातून नाशिक हा वेगळा धर्मप्रांत निघाला आणि थॉमस भालेराव हे जेज्वीट धर्मगुरू त्याचे पहिले बिशप झाले.

रेल्वेच्या गावात या सगळ्याचा अर्थ काय होतो? गोव्याच्या आचाऱ्याला आणि कारकुनाला गोव्याचा पाद्री हवासा वाटे, आयरिश सार्जंटला इंग्रजी जाणणारा जेज्वीट हवा असे, आणि इमारतीचा नकाशा यांपैकी ज्याच्या हातात असे त्याच्या आठवणीतले चर्च घाटमाथ्यावर उभे राही. गोवा-वसईकडची रीत म्हणजे चुन्याचा पांढरा गिलावा, वर कमानदार दर्शनी भिंत, गोल कमानी. जर्मन जेज्वीट किंवा ब्रिटिश इंजिनियर असला तर टोकदार कमान, उघडा घडीव दगड, बाहेरून भिंतीला टेकू देणारे दगडी धिरे. मी ज्या चर्चविषयी बोलतो आहे ते दुसऱ्या पठडीतले आहे, पण त्याच्या दर्शनी भिंतीचा वरचा भाग मागाहून गिलावा करून पांढरा केला आहे. तो केव्हा आणि कोणी केला याची नोंद मला सापडली नाही. एवढे नक्की की दगडाचे सांधे गिलाव्याखालून अजून जाणवतात, म्हणजे दगड आधीचा आणि पांढरा रंग नंतरचा.

नकाशा कोणाचाही असो, साहित्य मात्र इथलेच आहे. भिंती काळ्या दगडाच्या, म्हणजे बसाल्टच्या. तो पाथरवटाने घडवलेला आणि घाण्यावर मळलेल्या चुन्यात बसवलेला. छताच्या कैच्या सागाच्या. कौले मंगलोरी. या कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, म्हणजे ज्या वर्षी थळ घाट खुला झाला त्याच वर्षी, आणि पुढे आगगाडीनेच ती कौले सगळीकडे पोचवली. बासेल मिशन प्रोटेस्टंट होते. कॅथलिक चर्चच्या छपरावर प्रोटेस्टंट मिशनची कौले आहेत याचे त्या काळी कोणाला वावगे वाटले नाही, हे मला फार आवडते. पावसापुढे पंथ टिकत नाहीत. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव ठशाने उमटवलेले असते. छप्पर उतरवले जाते तेव्हा एखादे कौल उलटून जरूर पाहावे, कारण छपराच्या वयाचा तो हाती लागणारा पुरावा आहे. अर्थात कौले फुटतात आणि बदलली जातात, म्हणून एका कौलावरून निकाल देऊ नये.

आता आत जाऊ. वास्तू बांधून झाली की तिथे मिस्सा सुरू करण्याआधी तिचा निदान आशीर्वादविधी व्हावा लागतो. त्याहून मोठा विधी म्हणजे अभिषेक, आणि तो बिशप करतात. अनेक ठिकाणी अशी रीत होती की चर्चवर कर्ज असेल तोवर अभिषेक करायचा नाही. त्यामुळे इमारत आणि अभिषेक यांत वर्षानुवर्षांचे अंतर पडत असे. अभिषेक झाला की नाही हे ओळखण्याची एक खूण भिंतींवर असते. या विधीत बिशप आतल्या भिंतींवर बारा ठिकाणी पवित्र तेल लावतात, त्या बारा ठिकाणी बारा क्रूस कोरलेले किंवा रंगवलेले असतात, आणि प्रत्येकाखाली मेणबत्तीसाठी जागा केलेली असते. नुसता आशीर्वाद झालेल्या चर्चमध्ये हे क्रूस नसतात. क्रुसाच्या वाटेची जी चौदा चित्रे जवळजवळ प्रत्येक चर्चमध्ये असतात, त्यांच्याशी या बारांची गल्लत करू नये. ही चित्रे कुठल्याही चर्चमध्ये लावता येतात.

पहिल्या दोन भेटींत मला हे क्रूस दिसलेच नाहीत. भिंतींना ऑइलपेंटचे थर होते आणि क्रूस वितीएवढे, त्याच रंगात बुडालेले. संध्याकाळी उन्हाची तिरीप पश्चिमेच्या खिडकीतून भिंतीला घासून जाऊ लागली तेव्हा एका जागी उठाव दिसला. मग चर्चची देखभाल करणारे काका आणि मी हाताने भिंत चाचपत निघालो. एकेक करत अकरा क्रूस सापडले आणि त्यांतल्या चारांखाली गंजलेल्या लोखंडी कड्या निघाल्या, मेणबत्तीच्या. काकांनी या चर्चमध्ये चाळीस वर्षे झाडलोट केली आहे, दर सणाला याच भिंतींना माळा लावल्या आहेत. अकराव्या क्रुसावर हात ठेवून ते म्हणाले, “आम्हाला हे खिळ्याचे टेंगूळ वाटायचे.” क्रूस समोरासमोरच्या भिंतींवर जोडीजोडीने असतात, त्यामुळे बारावा कुठे असायला हवा हे मोजून काढता आले. तिथे विजेचा स्विचबोर्ड आहे.

दुसरी गोष्ट काकांनी सॅक्रिस्टीतून, म्हणजे धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीतून आणून दाखवली. जाड कापडात गुंडाळलेला, दोन्ही हातांत मावेल असा एक सपाट दगड. त्यावर पाच बारीक क्रूस कोरलेले, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये, आणि समोरच्या कडेजवळ सिमेंटसारख्या लुकणाने बंद केलेली एक छोटी खाच. हा वेदीचा दगड. जुन्या नियमाप्रमाणे मिस्सा अभिषेक झालेल्या दगडावरच व्हावी लागे आणि त्या दगडात हुतात्म्यांचे अवशेष ठेवलेले असत. त्या बंद खाचेत तेच असतात. जिथे चर्च नाही तिथे धर्मगुरू असा दगड सामानात घेऊन जात, एखाद्या क्वार्टरमधल्या टेबलावर ठेवत, वर पांढरे कापड अंथरत, आणि तेवढ्या वेळेपुरते ते टेबल वेदी होत असे. मी वर चार उत्तरे सांगितली, त्यांतल्या पहिल्याचा पुरावा हा आहे. इमारतीच्या आधीचे चर्च म्हणजे तो दगड. तो हातात घेतला तेव्हा वजनाने मनगट खाली गेले, आणि आगगाडीच्या डब्यातून हे ओझे महिन्याच्या महिन्याला वाहून आणणाऱ्या माणसाचा मी प्रथमच नीट विचार केला.

वेदीजवळच्या फरशीवर आणखी एक खूण आहे. मागच्या भिंतीपाशी आयताकृती भागात फरशी वेगळ्या रंगाची आहे, आणि तिथून सुमारे पाच हात पुढे आजची वेदी आहे. शिवाय या भागाच्या पायरीवर ठरावीक अंतराने बुजवलेली भोके दिसतात. याचा उलगडा रोममध्ये १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत आहे. त्याआधी वेदी भिंतीला लागून असे, धर्मगुरू लोकांकडे पाठ करून, लोकांचे तोंड ज्या दिशेला त्याच दिशेला तोंड करून प्रार्थना करत, आणि भाषा लॅटिन असे. वेदीचा भाग आणि लोक यांच्यामध्ये कठडा असे. लोक त्याच्याशी गुडघे टेकून ख्रिस्तप्रसाद घेत. परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि मार्च १९६५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. वेदी भिंतीपासून सुटी करून पुढे आली, धर्मगुरू लोकांसमोर उभे राहिले, लोकभाषेला जागा मिळाली, आणि बहुतेक ठिकाणी कठडे गेले. बुजवलेली भोके त्या कठड्याच्या खांबांची. पुढे एप्रिल १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांनी मागितलेले बारा बदल रोमने मान्य केले: चपला बाहेर काढणे, मांडी घालून बसणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी समई, आरती. चर्चमध्ये समई पाहून कोणी चकित झाले, तर तिच्यामागे रोमची रीतसर परवानगी आहे हे त्यांना सांगावे.

मराठीला जागा मिळाली खरी, पण रेल्वेच्या गावात ती घ्यायला मराठी माणसे कुठून आली? इथे दुसरा प्रवाह येऊन मिळतो. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जेज्वीट धर्मगुरूंचे काम १८७८ मध्ये केंदळ भागातून सुरू झाले, आणि तिथल्या खेड्यांतल्या, मुख्यतः दलित समाजातल्या कुटुंबांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. या लोकांची भाषा पहिल्यापासून मराठी. त्यांच्यासाठी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढले, आणि हे डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला १९४९ पासून जाणारे, नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला येणारे पुष्कळ भाविक याच प्रवाहातले. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे हळूहळू परदेशी गेली, वाफेची इंजिने गेली, शेडमधली माणसे कमी झाली, आणि त्याच सुमारास नगरकडची मराठी कॅथलिक कुटुंबे शिक्षण, नोकरी आणि कारखान्यांमुळे नाशिककडे सरकली. एकांनी आपल्यासाठी बांधलेली वास्तू दुसऱ्यांच्या हाती आली. इमारतीच्या भिंती तशाच राहिल्या, पण रविवारी तिथे होणारा आवाज बदलला. स्मरणिकांमध्ये या बदलावर एक ओळही नसते, आणि माझ्या मते या चर्चच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना तीच आहे.

हा बदल स्पष्ट दिसतो तो वह्यांत. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्यापुरता हा दंडक सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेपासूनचा आहे, मृत्यूच्या नोंदींचा त्यानंतरचा. फादरांनी परवानगी दिली आणि त्यांच्यासमोर बसून मी बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या पाहिल्या. या वह्या खासगी असतात, त्यांत जिवंत माणसांच्या घरच्या गोष्टी असतात, म्हणून त्या मागताना आपण काय शोधतो ते सांगावे आणि नावे उतरवून घेऊ नयेत. सुरुवातीची पाने लॅटिनमध्ये आहेत. मग लॅटिनच्या चौकटीत इंग्रजी शब्द डोकावू लागतात, कारण इंजिन फिटरला लॅटिन शब्द कुठून आणायचा? मग पूर्ण इंग्रजी. आणि मग एका पानावर, अर्ध्यातून, आईचे गाव देवनागरीत लिहिलेले आहे. पुढची तीन-चार पाने पुन्हा इंग्रजी, मग पुन्हा देवनागरी, आणि तिथून पुढे देवनागरीच.

या वह्यांचा समास मात्र मजकुरापेक्षा बोलका आहे. रोमने १९०८ पासून असा नियम केला की कोणाचेही लग्न कुठल्याही गावी झाले, तरी त्याच्या बाप्तिस्म्याच्या मूळ चर्चला कळवायचे आणि तिथल्या नोंदीसमोर समासात ते टिपायचे. म्हणजे घाटमाथ्यावर जन्मलेले मूल वीस-पंचवीस वर्षांनी कुठे पोचले, हे त्याच पानावर परत येते. एका गार्डच्या मुलीसमोर जबलपूर आहे, तिच्या भावासमोर भुसावळ. एका फायरमनच्या मुलासमोर पेरांबूर. सगळी रेल्वेची गावे. मग एका काळानंतर समासात सागरापलीकडची शहरे येऊ लागतात आणि त्यानंतर त्या आडनावांच्या नोंदीच थांबतात. खालच्या पानांवर राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर दिसू लागतात. पाटीवरच्या एका सनात हे सारे मावणार नाही. म्हणून मी वह्यांना इमारतीचाच भाग समजतो. त्या दमट कपाटात सडल्या तर भिंतीचा एक कोपरा कोसळल्याइतके नुकसान होते, फक्त आवाज होत नाही.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न, आणि तो निकडीचा आहे. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड पडतो. चुन्यात बांधलेली दगडी भिंत पाणी थोडे आत घेते आणि उन्हाळ्यात ते बाहेर सोडते. ती अशीच चालते, अशीच शंभर वर्षे टिकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट चढवला की पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते चुन्यातले क्षार घेऊन जिथे फट सापडेल तिथून फुटते, भिंतीला पांढरा लोणा येतो, गिलाव्याचे पोपडे निघतात, आणि लोक म्हणतात की जुनी भिंत खराब झाली. त्यावर उपाय म्हणून आणखी सिमेंट लावले जाते. भिंत खराब नसते, तिचा श्वास बंद केलेला असतो. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता कमी असले तरी नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीमुळे ते अजून मिळतात. सणाआधी घाईघाईने रंग द्यायचा असला तरी निदान एका भिंतीचा जुना थर हलक्या हाताने खरवडून खाली काय आहे ते पाहावे, आणि फरशी बदलण्याआधी तिचे फोटो आणि मापे घेऊन वह्यांसोबत ठेवावीत.

आमच्या त्या चर्चमध्ये या वर्षी वायरिंग नवे करायचे ठरले आहे. बारावा क्रूस बोर्डामागे आहे हे फादरांना सांगितले तेव्हा त्यांनी स्वतः येऊन समोरच्या भिंतीवरच्या क्रुसाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली, मग इकडे तेवढीच मोजली. टेप बरोबर बोर्डाच्या मध्यावर आला. बोर्ड दोन फूट डावीकडे सरकवता येईल का, असे त्यांनी वायरमनला विचारले, आणि तो हो म्हणाला. काम सुरू व्हायला अवकाश होता. तोवर विसर पडू नये म्हणून काकांनी स्टूल ओढले, वर चढले आणि बोर्डाच्या वरच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले: याच्या मागे क्रूस आहे.